जपानीचा श्रीगणेशा: चौकशीपासून एन-फाइव्हच्या निकालापर्यंत

मी चाकणच्या एका कंपनीत खरेदी विभागात काम करते. कंपनी गाड्यांचे सुटे भाग बनवते, आणि आमच्या काही ग्राहकांची मूळ ड्रॉइंग जपानी भाषेत असतात. शॉप फ्लोअरवर ‘सेइरी, सेइतोन, सेइसो, सेइकेत्सु, शित्सुके’ असा, कामाची जागा नीटनेटकी ठेवण्याच्या पाच जपानी नियमांचा फलक वर्षानुवर्षे लावलेला आहे, आणि दहावी झालेला ऑपरेटरही ‘पोका-योके’ (चूक होऊच न देणारी रचना) आणि ‘कान्बान’ (मालाची गरज कळवणारे कार्ड) हे शब्द सहज वापरतो. मात्र ड्रॉइंगच्या कोपऱ्यातील दोन ओळींची टीप समजून घ्यायची असेल, तर ती भाषांतरासाठी बाहेर पाठवावी लागते. त्या दोन ओळी आपल्याला वाचता याव्यात, एवढ्याच इच्छेने मी वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी जपानी शिकायला सुरुवात केली. मार्च २०२४ मध्ये केलेल्या पहिल्या चौकशीपासून पुढच्या वर्षी हातात पडलेल्या, एन-फाइव्ह या जपानीच्या पहिल्या पातळीच्या प्रमाणपत्रापर्यंतचा हा प्रवास तारखा, खर्च आणि तपशिलांसह लिहीत आहे, कारण सुरुवातीला मला नेमका असा मजकूर मराठीत हवा होता.

पुण्यात जपानी शिकण्याच्या सोयी इतक्या आहेत की पहिली अडचण निवडीचीच येते. फर्ग्युसन रस्त्यावरील रानडे इन्स्टिट्यूटच्या आवारात पुणे विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग आहे, टिळक महाराष्ट्र विद्यापीठात जपानीचा स्वतंत्र विभाग आहे, आणि कोथरूडपासून पिंपरीपर्यंत खासगी क्लास तर गल्लोगल्ली आहेत. विद्यापीठीय अभ्यासक्रम शैक्षणिक वर्षाप्रमाणे चालतात आणि त्यांची शिस्त चांगली असते. मला मात्र आर्थिक वर्षअखेरीची गडबड आटोपल्यावर, म्हणजे एप्रिलमध्येच, सुरुवात करायची होती, म्हणून मी शनिवार-रविवारी सकाळी दोन-दोन तास चालणारा, पंधरा-सोळा जणांचा एक खासगी वर्ग निवडला. चौकशी करताना मी फीच्या आधी तीन गोष्टी विचारत असे: एन-फाइव्हचा अभ्यासक्रम किती महिन्यांत पूर्ण होतो, प्रत्येक तासाला ऐकण्याचा सराव होतो का, आणि एखादा तास बुडाला तर तो भरून कसा निघतो. दुसऱ्या प्रश्नाला ‘तो शेवटच्या महिन्यात घेऊ’ असे उत्तर आले की मी त्या क्लासचा विचार सोडून देत असे. तो निर्णय किती योग्य होता हे पुढे डिसेंबरमध्ये कळले.

येथे ‘एन-फाइव्ह’ म्हणजे काय ते सांगणे आवश्यक आहे. जेएलपीटी, म्हणजे जपानी भाषेच्या प्रावीण्य परीक्षेच्या, एन-फाइव्ह ते एन-वन अशा पाच पातळ्या आहेत आणि त्यांतील एन-फाइव्ह ही सर्वांत सोपी. ही परीक्षा १९८४ पासून घेतली जाते, पाच पातळ्यांची सध्याची पद्धत २०१० मध्ये आली. जुलै आणि डिसेंबर महिन्यांच्या पहिल्या रविवारी ती होते. आमच्या वर्गात अभियांत्रिकीची मुले होती, परिचारिकेचा अभ्यासक्रम झालेल्या दोन मुली होत्या, आणि जपानमध्ये नोकरीसाठी जायचे म्हणून साताऱ्याहून दर आठवड्याला येणारा एक तरुण होता. त्याला कोणीतरी एन-फाइव्ह झाले की काम होईल असे सांगितले होते. प्रत्यक्षात ‘विशिष्ट कुशल कामगार’ या व्हिसासाठी किमान एन-फोर किंवा जेएफटी-बेसिक ही वेगळी परीक्षा लागते. एन-फाइव्ह ही फक्त पहिली पायरी असते. जपानमधील भाषाशाळेत विद्यार्थी म्हणून जायचे असेल, तर मात्र साधारणपणे एन-फाइव्हचे प्रमाणपत्र किंवा दीडशे तासांच्या अध्ययनाचा दाखला मागितला जातो. ज्यांना पैसे गुंतवून शिकायचे आहे, त्यांनी हा हिशेब पहिल्याच दिवशी करावा.

माझ्या क्लासची फी चौदा हजार रुपये होती आणि ती दोन हप्त्यांत भरायची सोय होती. ‘मिन्ना नो निहोंगो’ हे पाठ्यपुस्तक बहुतेक क्लासमध्ये वापरले जाते. त्याची भारतीय आवृत्ती मिळते, त्यामुळे काही शे रुपयांत काम होते. मात्र मुख्य पुस्तक पूर्णपणे जपानीत असते आणि शब्दार्थ व व्याकरण यांचे इंग्रजी पुस्तक वेगळे घ्यावे लागते, हे अप्पा बळवंत चौकात पहिल्या दुकानातच समजून घ्यावे. याशिवाय गणिताच्या चौकटींच्या दोन वह्या, एचबी पेन्सिली आणि एक चांगला हेडफोन लागला. खर्च टाळायचा असेल, तर जपान फाउंडेशनची ‘इरोदोरी’ ही पाठमाला आणि ‘मिनातो’ हे शिकण्याचे संकेतस्थळ दोन्ही विनामूल्य आहेत, आणि एनएचके वर्ल्ड या जपानी प्रसारण वाहिनीचे सोपे धडे हिंदीतूनही ऐकता येतात. मला स्वतःला ठरलेली वेळ आणि समोर बसलेली माणसे असल्याशिवाय अभ्यास होत नाही, म्हणून मी क्लास लावला.

एप्रिलचा पहिला पंधरवडा हिरागाना या जपानीच्या मूळ लिपीत गेला. मूळ अक्षरे ४६ आहेत, आणि त्यांचा क्रम पाहून मराठी माणसाला ओळखीचे काहीतरी भेटल्यासारखे वाटते: आधी स्वर, मग क, स, त, न, ह, म, य, र, व. ही मांडणी बौद्ध पंडितांमार्फत पोहोचलेल्या संस्कृत वर्णमालेच्या अभ्यासातून आली आहे, त्यामुळे तक्ता पाठ करणे आपल्याला जड जात नाही. क वर दोन छोट्या रेघा दिल्या की ग होतो, त चा द होतो, ह चा ब होतो आणि ह वर छोटे वर्तुळ काढले की प होतो. घोष-अघोष ही जोडी शाळेत शिकलेल्या माणसाला हे एका तासात उमगते. आमच्या सेन्सेईंनी, म्हणजे शिक्षकांनी, एक नियम घातला होता, तो मी सर्वांना सुचवेन: तिसऱ्या आठवड्यानंतर जपानी शब्द देवनागरीत लिहून घ्यायचे नाहीत. देवनागरीत उच्चार जवळजवळ अचूक उतरतो, म्हणून ती सवय सुटत नाही आणि डोळा नव्या लिपीला सरावत नाही.

काताकाना ही दुसरी लिपी परकीय शब्दांसाठी असते आणि तिच्यात पुन्हा तेवढीच अक्षरे असतात. येथे अनेकांचा उत्साह मावळतो. ‘शि’ आणि ‘त्सु’ ही दोन अक्षरे सारखीच दिसतात: ‘शि’मध्ये दोन छोट्या रेघा डावीकडे एकाखाली एक असतात आणि लांब रेघ खालून वर जाते, तर ‘त्सु’मध्ये छोट्या रेघा वर शेजारी शेजारी असतात आणि लांब रेघ वरून खाली येते. ‘न्’ आणि ‘सो’ या जोडीतही हाच फरक आहे, फक्त छोटी रेघ एकच असते. नुसते पाहून हा फरक लक्षात राहत नाही; चौकटीच्या वहीत रेघांच्या ठरलेल्या क्रमाने लिहिले की राहतो. परीक्षेत हाताने एक अक्षरही लिहावे लागत नाही, म्हणून काही जण लेखन टाळतात. माझ्या मते पहिल्या दोन महिन्यांत तरी ते टाळू नये.

उच्चारांत मराठी भाषकाला फार कष्ट पडत नाहीत. ‘त्सु’ म्हणताना इंग्रजी माध्यमात वाढलेली मुले अडखळत असत, पण ‘चमचा’मधला च ज्यांच्या तोंडात आहे, त्यांना तो सहज येतो. वाक्याच्या शेवटी येणाऱ्या ‘देस्’ आणि ‘मास्’ यांतील शेवटचा उकार गिळायचा असतो, तोही लवकर जमतो. खरे कष्ट दीर्घ स्वरांचे आहेत. आपण इ आणि उ यांचे ऱ्हस्व-दीर्घ कागदावर पाळतो, बोलताना फारसे पाळत नाही, आणि ए-ओ लांबवण्याची तर आपल्याला सवयच नाही. जपानीत एका मात्रेने अर्थ बदलतो. ‘ओबासान’ म्हणजे काकू आणि ‘ओबाऽसान’ म्हणजे आजी. आम्ही टाळी वाजवून मात्रा मोजत असू, जरा पोरकट वाटले तरी.

मे आणि जून हे महिने मला सर्वांत आनंदाचे गेले, कारण व्याकरण सुरू झाले. जपानी वाक्यात क्रियापद शेवटी येते आणि नामाला मागून शब्दयोगी लागतो. ‘मी उद्या बसने ऑफिसला जाते’ हे वाक्य ‘वाताशि वा, आश्ता, बासु दे, काइशा ए, इकिमास्’ असे त्याच क्रमाने उभे राहते. ‘पासून’ला ‘कारा’, ‘पर्यंत’ला ‘मादे’. वर्गात सगळे इंग्रजीतून समजावले जाई आणि त्यामुळे सोपी गोष्ट विनाकारण उलटी होऊन येत असे. मी वहीच्या समासात प्रत्येक रचनेचे मराठी वाक्य लिहू लागले आणि निम्मे व्याकरण पाठ न करताच बसले. क्रियापदाचे ‘ते’-रूप हा प्रकरणाचा कळस मानला जातो, आणि त्याचे नियम खरोखरच किचकट आहेत: ‘नोमु’चे ‘नोन्दे’, ‘काउ’चे ‘कात्ते’, ‘काकु’चे ‘काइते’. पण त्याचा उपयोग आपल्या ‘ऊन’ या प्रत्ययासारखा आहे. ‘उठून, चहा पिऊन, ऑफिसला जाते’ असे म्हणणाऱ्याला ते कशासाठी आहे हे सांगावे लागत नाही. पुढे एन-फोरला तर ‘करून बघणे’, ‘करून ठेवणे’, ‘करून टाकणे’ या तिन्हींना जपानीत तशाच जोड्या आहेत. लिंगभेद नाही, हा आणखी एक दिलासा. विशेषणांचा भूतकाळ मात्र आपल्याला अगदी परका आहे: ‘गरम’ या विशेषणालाच काळाचा प्रत्यय लागून ‘गरम होते’ असा अर्थ निघतो. त्यासाठी नुसती घोकंपट्टी करावी लागली.

आता ज्या भागाने माझा सर्वाधिक वेळ घेतला त्याकडे येते, तो म्हणजे संख्या. एक ते दहा कोणीही दोन दिवसांत शिकतो. पण महिन्याच्या तारखांना वेगळीच नावे आहेत: एक तारीख ‘त्सुइताची’, दोन ‘फुत्सुका’, तीन ‘मिक्का’, आणि वीस तारीख थेट ‘हात्सुका’. चार तारीख ‘योक्का’ आणि आठ तारीख ‘योऽका’. या दोहोंतला फरक एक क्षणाचा असतो आणि ऐकण्याच्या प्रश्नात तो हमखास विचारला जातो. मिनिटे मोजताना ‘फुन्’चे ‘पुन्’ होते, शेकडे मोजताना ३०० ला ‘साम्ब्याकु’, ६०० ला ‘रोप्प्याकु’ आणि ८०० ला ‘हाप्प्याकु’. त्यात वस्तूच्या आकाराप्रमाणे मोजण्याचे शब्द बदलतात: पेन्सिल, छत्री, बाटली अशा लांबट वस्तूंना एक, कागद, तिकीट अशा सपाट वस्तूंना दुसरा, पुस्तकांना तिसरा. माणसे मोजताना एक आणि दोन यांना ‘हितोरि’ व ‘फुतारि’ अशी खास रूपे आहेत. आपल्याकडेही ‘दोघे, तिघी, चौघे’ फक्त माणसांना म्हणतात, त्यामुळे ते खटकले नाही.

माझ्यासारख्या हिशेबात काम करणाऱ्यांना आणखी एक अडचण येते. जपानी मोजणी दहा हजारांच्या घराने, म्हणजे ‘मान’ने चालते, एक लाख म्हणजे दहा ‘मान’, दहा लाख म्हणजे शंभर ‘मान’ आणि एक कोटी म्हणजे हजार ‘मान’. लाख-कोटींचे स्वल्पविराम डोळ्यांत बसलेले असताना हे मनात उलगडायला वेळ लागतो. मी कार्यालयातील बिलांच्या रकमा आणि तारखा मनातल्या मनात जपानीत वाचण्याची सवय लावून घेतली. कर्वेनगरहून चाकणला कंपनीची बस जाते, नाशिक फाटा ते भोसरी या टप्प्यात ती रखडतेच, आणि त्या वेळात पुढच्या वाहनांचे क्रमांक वाचणे हा सराव मला कोणत्याही ॲपपेक्षा अधिक उपयोगी पडला. ज्यांना ॲप हवेच आहे, त्यांनी अँकी वापरावे. संगणकावर आणि अँड्रॉइडवर ते फुकट आहे.

कांजी, म्हणजे चिनी लिपीतून आलेली चिन्हे, यांविषयी थोडक्यातच लिहिते, कारण त्यांची भीती या पातळीवर अनाठायी आहे. परीक्षा मंडळ कांजीची अधिकृत यादी देत नाही, पण एन-फाइव्हला शंभरेक कांजी पुरतात असे सर्वच शिक्षक मानतात. जपानमध्ये नित्य वापरासाठी ठरवलेल्या कांजींची संख्या २,१३६ आहे, हे मात्र पहिल्या महिन्यात कोणी सांगू नये. वारांच्या सात कांजींपासून सुरुवात केली, तर सूर्य, चंद्र, अग्नी, पाणी, झाड, सोने आणि माती अशी सात चिन्हे एका फटक्यात येतात आणि ती पुढे इतर शब्दांत पुन्हापुन्हा भेटतात.

जुलैनंतर वर्गाची संख्या रोडावली. पावसाळ्यात रविवारी सकाळी आठला घराबाहेर पडणे आधीच कठीण, त्यात घरचे कार्यक्रम, श्रावण, मग गणपती. मुले मला ‘ताई’ म्हणत आणि गृहपाठ माझ्याकडून उतरवून घेत, पण पाठांतरात ती माझ्या कितीतरी पुढे होती. वीस वर्षांच्या मुलाला एकदा सांगितलेला शब्द मला चार वेळा पाहावा लागे. या काळात मला अनेकदा निराश वाटले आणि ते कोणापाशी बोलता येत नव्हते, कारण ‘कशाला हवे होते हे?’ हा प्रश्न घरात तयारच होता. सेन्सेईंनी एक व्यवहारी सल्ला दिला: मागचे सगळे पक्के होईपर्यंत थांबायचे नाही, वर्गाबरोबर पुढे जायचे, आणि रोज मागच्या एका धड्याची फक्त ध्वनिफीत ऐकायची. पंचविसावा धडा सप्टेंबरअखेर संपला. पुस्तकाचा पहिला भाग तेथेच संपतो आणि एन-फाइव्हला साधारण तेवढेच लागते.

दरम्यान परीक्षेचा अर्ज भरायचा होता. डिसेंबरच्या परीक्षेची नोंदणी ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास होते. पुण्यात जपानी भाषा शिक्षकांची ‘जाल्टॅप’ ही संस्था या परीक्षेचे आयोजन करते, मुंबईचे आयोजक वेगळे आहेत. शुल्क पातळीप्रमाणे बदलते; मला दोन हजारांच्या आसपास खर्च आला. अर्जातील नाव पासपोर्टवर असेल तसेच लिहावे, कारण तेच प्रमाणपत्रावर छापले जाते आणि पुढे व्हिसाच्या कागदांत एका अक्षराचा फरकही त्रासदायक ठरतो. पासपोर्ट नसेल, तर आधी जे ओळखपत्र दाखवणार त्यावरील नाव पाहावे. फोटो अलीकडचा आणि सांगितलेल्या मापाचाच लागतो. अर्ज भरताना आठ अंकी पासकोड निवडावा लागतो. तो निकालाच्या वेळी लागतो आणि तोपर्यंत पाच महिने उलटलेले असतात, म्हणून तो वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावा. नोंदणीची मुदत संपण्याची वाट पाहू नये. जागा मर्यादित असतात.

ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये मी नवे काही शिकले नाही. जेएलपीटीच्या अधिकृत संकेतस्थळावर नमुना प्रश्न आणि सरावपुस्तिका ध्वनिफितींसह विनामूल्य मिळतात. त्या घड्याळ लावून सोडवल्या. ऐकण्याच्या प्रश्नात संवाद एकदाच ऐकवतात. दोघेजण आधी बुधवारी भेटायचे ठरवतात, मग एकाला काम निघते, मग शुक्रवार, आणि शेवटी वेळ बदलते. उत्तर शेवटच्या वाक्यात असते आणि आपण बुधवारवर खूण करून मोकळे होतो. प्रश्नपत्रिकेवर टिपणे काढायला परवानगी असते, त्यामुळे वार आणि आकडे खरडत जाणे आणि नकार आला की काट मारणे, ही पद्धत मला लागू पडली. शेवटच्या प्रकारात कागदावर काहीच छापलेले नसते. एक वाक्य आणि त्यावरची तीन उत्तरे फक्त कानांनी ऐकून निवडायची असतात.

परीक्षा रविवारी, १ डिसेंबर २०२४ रोजी झाली. टेस्ट व्हाउचरची, म्हणजे प्रवेशपत्राची, छापील प्रत, मूळ ओळखपत्र, दोन पेन्सिली, खोडरबर आणि साधे काट्यांचे घड्याळ एवढेच न्यावे. मोबाइल बंद करून ठेवावा लागतो, तो वाजला तर लाल कार्ड दाखवून परीक्षार्थीला बाहेर काढतात; पर्यवेक्षकांनी ते कार्ड आधीच उंच धरून दाखवले, तेव्हा वर्गात एकदम शांतता पसरली. शब्दसंग्रहाला २० मिनिटे, व्याकरण व वाचनाला ४० आणि ऐकण्याला ३० मिनिटे असतात, मध्ये विश्रांती मिळते. शब्दसंग्रह वेळेत झाला. वाचनात शेवटच्या जाहिरात-तक्त्याच्या प्रश्नाला माझ्याकडे पुरेसा वेळ उरला नव्हता. माझ्या मते तो प्रश्न आधी सोडवावा, कारण त्यात व्याकरण कमी आणि शोधाशोध जास्त असते. ऐकण्याच्या विभागात उत्तरपत्रिका भरायला नंतर वेगळा वेळ देत नाहीत, प्रत्येक उत्तराचे वर्तुळ तिथल्या तिथे भरावे लागते. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही वर्तुळ रिकामे ठेवू नये.

त्यानंतर जवळजवळ दोन महिने काहीच करण्यासारखे नव्हते. निकाल जानेवारीच्या उत्तरार्धात ऑनलाइन लागला. एकूण १८० पैकी ८० गुण हवे असतात, पण तेवढे पुरत नाहीत: भाषाज्ञान व वाचन यांत १२० पैकी ३८ आणि ऐकण्यात ६० पैकी १९ हे किमान गुण स्वतंत्रपणे मिळावे लागतात. मी उत्तीर्ण झाले, ऐकण्याचे गुण अपेक्षेप्रमाणे वाचनापेक्षा कमी होते. आमच्या वर्गातील एका हुशार मुलाची एकूण बेरीज ८० च्या बरीच वर होती, तरी ऐकण्यात तो अडकला. तो घरी फक्त पुस्तकातून अभ्यास करत असे. छापील गुणपत्रिका आणि प्रमाणपत्र आयोजक संस्थेमार्फत मार्चमध्ये मिळाले.

ड्रॉइंगवरील टिपा मला अजून पूर्ण वाचता येत नाहीत. त्यांतील बहुतेक तांत्रिक कांजी एन-फाइव्हच्या फार पुढच्या आहेत. आकडे, तारखा, ‘वर’, ‘खाली’ आणि काताकानातील साहित्याची नावे एवढे कळते, आणि टीप भाषांतराला पाठवण्याइतकी महत्त्वाची आहे की नाही हे ठरवता येते. एन-फोरला बसण्यासाठी एन-फाइव्ह उत्तीर्ण असण्याची अट नाही, कोणतीही पातळी थेट देता येते. तरीही मी जुलै सोडून डिसेंबरची तारीख धरली आहे, कारण पुस्तकाच्या दुसऱ्या भागात आणखी पंचवीस धडे आहेत आणि कांजी जवळजवळ तिप्पट होतात.